थिएटरबाहेरचा बाक

“बसा हो बाबा. हा काही तुमचा राउंड नाही,” मुलगी म्हणाली.

निवृत्त सर्जन बसले नाहीत. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेले, वरच्या तांबड्या दिव्याकडे बघून परत फिरले. याच दारातून त्यांनी जन्मभर आत-बाहेर केलं होतं. आज मात्र वॉचमननं हात आडवा घातला होता. “नातेवाइकांनी बाकावर.” आत टेबलावर त्यांची बायको होती. आतड्यात गाठ. आणि सुरी होती त्यांच्याच एका जुन्या शिष्याच्या हातात.

“सर्जनांचा काय दुष्काळ पडलाय? हाच गाढव सापडला तुझ्या आईला?”

“आईनं स्वतः निवडलाय. तुम्हाला विचारलं नाही, ते टोचतंय ना?”

“त्याची अक्कल टोचतेय. ऑपरेशन झालं की नातेवाइकांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. दहादा बजावलं, सर्जननं बूड टेकलं की लोक समजतात माणूस गेला. जगला असेल तर चालता चालता सांगावं.”

“आणि दगावला असेल तर?”

“तर ज्युनिअरला पाठवावं.”

मुलगी हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. “उगाच नाही तुम्हाला इथे जलद गाडी म्हणायचे. मधल्या स्टेशनावर थांबणं नाही.”

“म्हणणाऱ्यांचे आईबाप वाचवलेत मी!”

“वाचवलेत. आईही तेच म्हणाली. म्हणाली, ह्यांच्या पसंतीचा डॉक्टर ह्यांच्यासारखाच असणार. जगेन गं मी, पण भीती वाटली तर सांगू कुणाला?”

डॉक्टर बाकाच्या टोकाला बसले, मुलीकडे पाठ करून.

दार उघडलं. शिष्य बाहेर आला. मास्क खाली ओढत तो सरळ बाकाकडे आला आणि डॉक्टरांना खेटून बसला.

“ऊठ!” डॉक्टर ओरडले. “ऊठ आधी! उभा राहून सांग!”

पलीकडच्या बाकांवरची माणसं माना वळवून बघू लागली. शिष्य जागचा हलला नाही.

“मॅडम ठीक आहेत, सर. गाठ पूर्ण निघाली. मी सगळ्यांजवळच बसतो.”

मुलीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. डॉक्टरांचा श्वास परत आला, आणि त्याच्या मागोमाग राग.

“मूर्खा, जीव गेला असता माझा!”

“हो सर,” शिष्य म्हणाला. “आता काय विचारायचंय ते विचारा. मला घाई नाही.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. लोक त्यांनाही असंच दारात गाठायचे. मागे धावायचे, बाही धरायचे, काहीबाही विचारायचे. काय बरं विचारायचे? बायको, आई, भाऊ टेबलावर असलेली माणसं अशा वेळी काय विचारतात? ते आठवू लागले. एकही प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला नव्हता.

शिष्य वाट बघत होता.

“तू विचार,” ते मुलीला म्हणाले. तेही हुकूम सोडल्यासारखं.