चिठ्ठीप्रमाणे

मुलांचे जुलाब दोन दिवसांत बरे करणारा डॉक्टर म्हणून पंधरा वर्षं माझं नाव होतं, आणि ते मीही कधी नाकारलं नाही. मग औषधं बांधून देणाऱ्या आमच्या कंपाउंडर मावशी निवृत्त झाल्या. नवी मुलगी आली आणि पहिल्याच महिन्यात दोन बाळं पोट फुगून परत आली. एकाला मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. मी तडक मावशींचं घर गाठलं.

"पोरगी काहीतरी भलतंच देतेय."

"नाही हो डॉक्टर. ती तुम्ही लिहिता तेच देते."

"मग तुम्ही काय देत होता?"

"ओआरएसची पुडी आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या. अँटिबायोटिक शीमध्ये रक्त दिसलं तरच. तुम्ही लिहिता ते जुलाब बंद करायचं औषध तर मी कधी मागवलंच नाही, त्यानं बाळांचं पोट फुगतं."

"मला एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं होतं की, मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात. तुम्ही विचारलंत, मावशी, इथे डॉक्टर कोण आहे? मी म्हटलं, तुम्हीच."