ठिणगीच्या काकूचा डबा

झाकण निघायच्या आधीच त्याने नाक मुरडलं होतं.

"आज काय?" शेजारी बसलेल्या वेल्डरने विचारलं.

"गवत असेल. काल गवत होतं, आज त्याचा पाचोळा."

तो कारखान्यातला क्रेनवाला. अठरा वर्षं छपराखालच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे अजस्र ठोकळे असे अलगद टेकवायचा, की खाली अंडं असतं तरी तडा गेला नसता. पण कारखान्याच्या डॉक्टरने त्याच्या रक्तातली साखर पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला. "तीन महिने देतो. ही उतरली नाही, तर तुम्हाला उतरवतो." उतरवतो म्हणजे स्टोअरमध्ये, नटबोल्टांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायला. तेव्हापासून त्याला डोळे मिटले की खोकी दिसत.

बायकोने ऐकलं आणि कंबर कसली. दवाखान्यातली जुनी मासिकं, वाचनालयातली पुस्तकं, रेडिओवरचा दुपारचा कार्यक्रम, अगदी भाजीवालीसुद्धा, कोणालाही तिने सोडलं नाही. पाककृतींची जाड वही भरत आणली. तेल चमच्याने मोजू लागली. आणि इकडे हा गडी 'पथ्य' शब्द कानावर पडला की घास गालात धरून बसायचा. डबा अर्धा परत जायचा आणि सुटी झाली की फाटकाबाहेरच्या टपरीवर काहीतरी चमचमीत तळलेलं पोटात जायचंच.

दुसऱ्या आठवड्यात वेल्डरच म्हणाला, "दादा, आपण डबे बदलू."

वेल्डर एकटा जीव. सगळे त्याला ठिणगी म्हणायचे. "मला आमची काकू डबा देते. तुम्ही तो खा. तुमचं पथ्य मी पाळतो."

"तुला कसली रे हौस?"

"हौस नाही. तुम्ही उपाशीपोटी क्रेन चालवणार आणि खाली उभा कोण? मी."

काकूच्या डब्यात मसूर होते, खरपूस भाजलेला भोपळा होता, त्यावर लसूण आणि लिंबू. क्रेनवाल्याने डबा बोटाने निपटून खाल्ला. "याला म्हणतात जेवण." ठिणगी मात्र त्याचा डबा घेऊन सिलिंडरच्या खोलीमागे जाऊन बसला. कोणी बघत असलं की पथ्याचं घशाखाली उतरत नाही, असं त्याचं म्हणणं.

मग तेच रोजचं झालं. दुपारी पोट इतकं भरायचं की संध्याकाळी टपरीकडे पाय वळेनात. स्वतःच्या डब्याचं झाकण क्रेनवाल्याने त्यानंतर उघडलंच नाही. नवल एवढंच की महिन्याभरात ठिणगीच्या शर्टाची बटणं ताणली.

"बघ, माझं पथ्य तुझ्या अंगी लागलं."

"वहिनींच्या हाताला चव आहे, दादा," ठिणगी खाली बघत म्हणायचा.

क्रेनवाल्याच्या मनाला टोचणी होतीच. बायको उजाडायच्या आधी उठून रांधते आणि आपण तिच्या डोळ्यांत धूळ फेकतो. तेवढीच भरपाई म्हणून तो काकूच्या पाककृती ठिणगीला विचारून घरी आणू लागला.

"कामावरचा एक जण घासभर चाखायला देतो. त्याची काकू भोपळा आधी भाजते म्हणे."

"हळू सांगा, लिहून घेते," म्हणत बायको वही उघडायची.

जेवताना तोच भोपळा त्याच्या ताटात. त्याने चाखला, विचार केला, मान हलवली. "जवळ आलीस. पण त्या काकूच्या हाताची सर नाही."

बायकोने भांड्यांकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. लागलं बिचारीला, असं वाटून त्याने उरलेला भोपळा मुकाट्याने संपवला.

तीन महिने सरले. डॉक्टरने कागद दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. क्रेनवाल्याला उघड्या डोळ्यांनी खोकी दिसली.

"काय खाता हो तुम्ही? मलाही कळू दे," डॉक्टर म्हणाला. "जा, चढा वर."

घरी सांगितलं तेव्हा बायको दारातल्या स्टुलावर मटकन बसली. तीन महिन्यांचा श्वास तिने एकदम सोडला. "सुटलो बाई," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत बसली. त्यालाही हलकं वाटलं. पण तो म्हणाला, "तुझ्या डब्याने वाचवलं," आणि म्हणताना त्याची जीभ अडखळली. तिथल्या तिथे त्याने ठरवलं: उद्यापासून आपलाच डबा. गवत तर गवत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठिणगीने नेहमीसारखा हात पुढे केला.

"नाही. आजपासून ज्याचा त्याने."

ठिणगीचा चेहरा पडला. "दादा, आजचा दिवस जाऊ द्या. उद्यापासून काय ते करा."

"बायकोशी एवढं तरी प्रामाणिक राहू दे."

"तुम्हाला नाही आवडायचं ते."

"आवडण्यासाठी खातच नाहीये मी."

ठिणगी डब्याला हात घालणार, तेवढ्यात क्रेनवाला डबा घेऊन शिडी चढून वर गेला आणि केबिनचं दार ओढून घेतलं. खालून हाका येत होत्या. त्याने डोळे मिटले, मन घट्ट केलं आणि झाकण काढलं.

वास थेट टपरीचा. डोळे उघडून बघतो तर तेलाने चकाकणारे बटाट्याचे तळलेले काप, शेजारी लोण्यात न्हालेला भात. आणि झाकणाच्या आत दुमडून खोचलेली चिठ्ठी, अक्षर बायकोचं:

"भाऊजी, हे पास झाले. तुमचे उपकार विसरणार नाही. पण तुमचं पोटही आता दिसायला लागलंय, तेव्हा तुमचं तळण आजपासून बंद. उद्या तुम्हालाही मसूरच. सकाळी हे निघाले की दारातल्या स्टुलावर ठेवलेला यांचा 'काकूचा' डबा नेहमीसारखा न्या. यांना मात्र कळू देऊ नका. माझ्या हातचं आहे म्हटलं, की यांना घास उतरत नाही."