डावा हात

डायलिसिसच्या खुर्चीवर सुई टोचण्याआधी सिस्टरने स्वतःचे इयरफोन माझ्या कानात घातले होते. कुठल्याशा पोरांचा रॉक बँड होता. आधी डोकं उठलं, पण चार तास सरले. मग दर खेपेला तेच गाणं लावायचं आणि डावा हात पुढे करायचा.

आज तो बँड आमच्या सांगलीत आला. लेकीने हट्टाने नेलं.

"दमलीस तर सांग, आई. लगेच निघू."

दमलेली तर घरून निघतानाच होते. तरी उभी राहिले.

ड्रम वाजला, माझं गाणं सुरू झालं. मैदानभर हात वर गेले. माझा डावा हात आपसूक कठड्यावर आडवा झाला, तळवा वर, सुईची वाट बघत.

लेकीने तो उचलला आणि उंच धरला.