पुसट घर

"नाकार. सगळं नाकार," घरमालक वीगांट चष्मा सावरत म्हणाले. "परवानगीचं बटण बघ, मुद्दाम मोठं आणि हिरवंगार. नकार मात्र कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत!"

गुद्रुननं कोपऱ्यातलं बटण दाबलं. कुकीजची चौकट हटली, तेव्हा कुठे हवामान दिसलं.

"उद्याचा पाऊस बघायलासुद्धा एवढी झटापट!" ती हसली.

हे हसू इथे आल्यावरच परतलं होतं. नवऱ्यानं, डेटलेफनं, तिचं मनगट मोडलं त्या दिवशी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. या लहानशा गावात या म्हाताऱ्यानं एक अक्षर न विचारता तिला वरची खोली दिली. तिच्या घंटीवर तिचं नाव नको, म्हणून तिथेही स्वतःचंच लावलं.

एकदाच ती चुकली. नाताळात आईला कार्ड धाडलं. नाव-पत्ता नव्हता, पण चित्र गावातल्या चर्चचं होतं.

"कागदालाही तोंड असतं, पोरी!" वीगांट तडकले. मग तिचा उतरलेला चेहरा बघून निवळले. "असू दे. गाव कळलं तरी घर कळायचं नाही."

आणि ते कामाला लागले. इंटरनेटच्या नकाशात गल्लीतली घरं फोटोसकट दिसतात. मालकानं मागणी केली की त्याचं घर पुसट करून देतात. वीगांटनी मागणी केली. थोड्याच दिवसांत दार, खिडक्या, तिच्या कुंड्या, सगळं धुक्यात गेलं.

"आता शोध म्हणावं!" त्यांनी टाळी वाजवली.

तेव्हापासून गुद्रुनला शांत झोप लागू लागली. या माणसाचे उपकार फेडायचे तरी कसे, तिला समजेना. रविवारी तिनं त्यांच्या आवडीचा आलुबुखारांचा केक केला आणि त्यांना कॉफीला बोलावलं.

दारावर टकटक झाली.

"या ना, उघडंच आहे!" केक कापता कापता तिनं हाक दिली. "मोठा तुकडा तुमचा. तुमच्यामुळे तर जगतेय मी."

दार उघडलं आणि हलकेच लागलं.

"सासूबाईंकडे चर्चचं चित्र बघितलं," डेटलेफ म्हणाला. "मग नकाशात अख्खं गाव पालथं घातलं. लोकांची वाळत घातलेली अंतर्वस्त्रंसुद्धा दिसतात. पुसट असं घर एकच. तुझ्या घरमालकाचे माझ्याही वतीनं आभार मान."