पाच वाक्यांचे भाषण

"शंकू सगळे आणलेत ना?" टेम्पोच्या फळीशी उभे राहून ताईंनी विचारले.

"सगळे आहेत. अडथळेही. हेल्मेटचे खोके वेगळे बांधलेत," टेम्पोवाला म्हणाला आणि शिट्ट्यांची पिशवी त्यांच्या हातात न देता फळीवर ठेवली. चुकून हाताला हात लागू नये, एवढे शहाणपण त्याला दहा वर्षांत आले होते.

टेम्पोवाला म्हणजे ताईंचा पूर्वीचा नवरा. पूर्वी त्या त्याला 'अरे-तुरे' करत. अपघातानंतर घटस्फोट झाला आणि 'तुम्ही' सुरू झाले. ते ऐकताना त्याला दर वेळी नव्याने परके झाल्यासारखे वाटे.

त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालत अशी कधी नसेच, सदा पळत असे. अपघातात ती गेली, तेव्हा तिच्या नावाने ताईंनी न्यास काढला होता. दरवर्षी एका शाळेच्या मैदानावर सकाळी मुलांच्या शर्यती होत आणि शर्यतींनंतर रस्ता कसा ओलांडावा, हेल्मेट कसे घालावे याचा वर्ग. वर्गाच्या शेवटी टेम्पोवाल्याचे भाषण.

"पोरांना नुसती चित्रं दाखवून भागत नाही, माणूस दाखवावा लागतो," असे ताईंनी पहिल्याच वर्षी ठणकावले होते. भाषण त्यांनीच लिहून दिले होते. मोजून पाच वाक्ये. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. शेवटचे वाक्य होते, 'गाडी मी चालवत होतो.' तिथवर आले की चुळबुळणारे मैदान चिडीचूप होई.

"आज शेवटचं," ताई शिट्ट्या उचलत म्हणाल्या. "आज भाषण रेकॉर्ड करून घेतोय. पुढच्या वर्षीपासून तेच लावू. तुम्ही यायची गरज नाही."

तो खोक्याची दोरी सोडवत होता. गाठ काही सुटेना.

"टेम्पो तरी आणत जाऊ का? सामान बरंच असतं."

"सामानाचं आम्ही बघू."

"मग कुंपणाबाहेरून शर्यती पाहिल्या तर चालेल?"

ताईंनी ऐकले न ऐकलेसे केले आणि त्या चुन्याच्या रेघा पाहायला निघून गेल्या. त्याला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही.

ताईंनाही बोल लावता येणार नाही. त्या दिवसाचे त्यांना फक्त सकाळी भिंगरीचा डबा भरलेला आठवे. त्यानंतर एकदम इस्पितळाचे छत. मधले सगळे डोक्याला लागलेल्या मारात पुसले गेले होते. उरलेले नवऱ्याने सांगितले, आधी पोलिसांना, मग त्यांना. मोकळा रस्ता दिसला, एकदा चालवून बघतो म्हणून मीच हट्ट धरला. लायसन्स नव्हते, वळणावर वेग आवरला नाही. त्याने शिक्षाही निमूटपणे भोगली. ताईंना मात्र एकच प्रश्न कुरतडत राहिला. असल्या माणसाच्या हातात आपण गाडी दिलीच कशी? त्याचा राग येई तेवढाच स्वतःचाही येई. मग त्या न्यासाच्या कामाला आणखी जुंपून घेत.

शर्यती छान झाल्या. शेवटून पहिल्या आलेल्या एका मुलीने दोन्ही हात उंचावून विजयी फेरी मारली आणि ताईंना किती दिवसांनी खुदकन हसू आले. भिंगरीही असेच काहीतरी करायची.

पाहुण्यांच्या खुर्चीत ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर बसले होते. यंदाची हेल्मेटे त्यांनी दिली होती. अंगाने ऐसपैस, स्वभावाने त्याहून ऐसपैस, एकदा बोलायला लागले की त्यांच्या तोंडालाच ब्रेक नसे. या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच आले होते.

टेम्पोवाला माइकपाशी गेला. समोर रेकॉर्डिंगचा कॅमेरा सुरू झाला.

"अरे, हा तर माझा विद्यार्थी!" मास्तर ताईंकडे झुकले. "तुमच्याकडे काम करतो?"

"सामान आणतो," ताई समोर बघत म्हणाल्या.

"माझी मुलगी सात वर्षांची होती," टेम्पोवाला माइकवर म्हणाला.

"शिकायला आला त्याला सात वर्षं झाली असतील," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी साडेसहाला हजर! माझ्याकडे एवढा घाबरट माणूस दुसरा आला नाही."

"तिला पळायला फार आवडायचं," माइकवरून ऐकू आले.

"थोडीफार येत असेल ना गाडी आधी," ताई तुटकपणे म्हणाल्या. हा विषय त्यांना नको होता.

"कसली येतेय! क्लच कुठला न् ब्रेक कुठला, काही ठाऊक नव्हतं. तीन दिवस गाडी जागची हलली नाही. चौथ्या दिवशी हलली, तर हा गडी डोळे मिटून बसला. मी हात जोडले. म्हटलं, बाबा, या वयात कशाला हा खटाटोप? तर म्हणे, एका न्यासाचं सामान वाहायचंय, तेवढाच जवळ राहीन."

"माझ्याकडे लायसन्स नव्हतं."

ताईंनी पहिल्यांदाच मान वळवून मास्तरांकडे पाहिले.

"तुम्ही विचारलं नाहीत त्याला? आधी कधी चालवली होती का?"

"विचारलं की. पहिल्याच दिवशी विचारतो आम्ही."

"वळणावर वेग जास्त होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही, मास्तर. आमच्याकडे गाडी कायम बायकोच चालवायची."

मैदान चिडीचूप झाले होते. टेम्पोवाल्याने एकदा ताईंकडे पाहिले, आणि त्यांनी लिहून दिलेले शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हटले.

"गाडी मी चालवत होतो."