मरळीचं पोट

"हे पोट आहे की पखाल?" नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी कागद टेबलावरून पुढं सरकवला.

प्राध्यापक केवळराम बोरकुटे यांनी चष्मा पुसला आणि कागद जवळ घेतला. गोकुळा या विद्यार्थिनीनं काढलेलं चित्र. इंटर सायन्सची प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा नुकतीच संपली होती. चांद्याच्या त्या नव्या कॉलेजात मार्चची दुपार कौलांवरून खाली उतरत होती, मासळीच्या वासानं डोकं उठलं होतं. मुलांनी चिरलेल्या मरळी गड्यानं केव्हाच बाहेर नेऊन पुरल्या होत्या.

चित्रातल्या मरळीचं पोट फुगून एका अंगाला झुकलं होतं. आतडी त्याखाली दबलेली. जठराला दिलेल्या चिरेतून अर्धवट विरघळलेली एक मासोळी दिसत होती, शेपटीसकट. जिथं ओली चमक होती, तिथं गोकुळानं कागद कोरा सोडला होता.

"बाकी सगळ्यांच्या आकृत्या पुस्तकाप्रमाणे आहेत. हिच्याच मरळीला काय झालं?"

"तिच्या मरळीनं मासोळी गिळलेली होती. मी स्वतः पाहिलं."

"असेल हो. पण मला मार्क आकृतीला द्यायचे आहेत. हे चित्रकलेचं कॉलेज नाही, सर."

पूर्वी या वाक्यावर बोरकुटे तासभर भांडले असते. पहिल्या वर्षी ते मुलांना कागद-पेन्सिल घेऊन तलावावर न्यायचे. ज्यानं काढलं नाही त्यानं पाहिलंच नाही, असं म्हणायचे. मग निकाल खाली आला, प्राचार्यांनी बोलावून घेतलं. आता ते फळ्यावर आकृती काढत आणि मुलं उतरवून घेत.

"नापास नका करू," ते एवढंच म्हणाले. "पोरीची वसतिगृहातली जागा जाईल."

परीक्षक माणूस वाईट नव्हता. "कोरा कागद द्या तिला. मी तोवर चहा घेतो."

गोकुळा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. बोरकुटे यांनी कोरा कागद तिच्यापुढं धरला.

"सर, माहं चित्र चुकलं का?"

"नाही."

"मंग पुन्हा काऊन काढू?"

"पुस्तकातल्यासारखं काढ."

"आन् मासोळी?"

"मासोळी नको."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "तुमीच तं म्हणत होते सर, जे दिसते थेच काढा म्हणून."

"म्हणत होतो."

ती आत येऊन बसली. समोर मरळ नव्हती, ट्रे नव्हता. हात कुठं अडखळला नाही. सरळ नळी, एकसारखी रेघ, पट्टी लावून लिहिलेली नावं. बोरकुटे खिडकीशी उभे राहिले. बाहेर बघावं म्हणून उभे राहिले होते, पण त्यांना पेन्सिलीचा आवाज येत होता.

परीक्षकांनी कप खाली ठेवला, कागद उचलला.

"वा! येतं की हिला. चांगलं शिकवलंय तुम्ही, सर."



गोकुळानं पेन्सिल उचलली. दारापर्यंत गेली, आणि थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, बीएस्सीले बी असंच राह्यते का?"