घडी न मोडलेली जर्सी

“जॅकेट काढ. शेवटची पाच मिनिटं गोलमध्ये तू उभा राहा,” कोच म्हणाले आणि दुसऱ्या गोलकीपरने जॅकेटची चेन उलट गळ्यापर्यंत ओढून घेतली.

जॅकेटच्या आत नुसतं बनियन होतं.

आता बघा, क्लबमध्ये हाच पठ्ठ्या कॅप्टन. सह्या घ्यायला दारात रांगा. पण देशाच्या संघात त्याची जागा कायम बाकावर. इतकी वर्षं, इतके दौरे, आणि मैदानावर एक मिनिटसुद्धा नाही. संघातले त्याला ‘पाहुणे’ म्हणायचे. “बसा पाहुणे, आमची ही दगदग चालायचीच!” तोही हसायचा. हसल्याशिवाय काय करणार? आज त्याचा शेवटचा सामना होता. उद्यापासून क्लब एके क्लब.

वडिलांचं एकच पालुपद असायचं. “क्लब पोटापाण्यासाठी रे. देशाकडून कधी उतरतोस ते सांग.” म्हणून आज त्याने त्यांना आणून बाकाच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत बसवलं होतं. आजूबाजूला सगळे संघाच्या जर्सीत आणि बाबा एकटेच इस्त्रीच्या शर्टात. त्याला कसंसंच झालं. सामना सुरू होण्याआधी त्याने अंगातली जर्सी उतरवली आणि कठड्यावरून त्यांच्या हातात दिली.

“घाला बाबा. माझी काय, घडीसुद्धा मोडत नाही.”

हे मात्र खरं होतं. सामना संपला की किटवाले काका घामेजलेल्या जर्सी गोळा करून धुण्याच्या टोपलीत टाकायचे. याची तेवढी हातावर घेऊन घडी घालायचे. “पुढच्या वेळी येईल कामाला,” असं दर वेळी म्हणायचे. माणूस चांगला होता, म्हणून म्हणायचा.

“जर्सी कुठाय?” कोचनी विचारलं.

त्याने मागे बोट दाखवलं. काकांनी कपाळावर हात मारला.

“दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच! अरे, जादा जर्सी आहे माझ्याकडे, पण तिच्यावर तुझा नंबर नाही. पंच उतरू देतील होय? पळ आधी!”

तो पळाला. इस्त्रीचा शर्ट काढून जर्सी चढवलेले बाबा उभेच होते. सामना सुरू झाल्यापासून ते बसलेच नव्हते. चेंडू आपल्या गोलकडे आला रे आला की हे हात पसरून या अंगाला, त्या अंगाला झेपावायचे. शेजाऱ्याचा चहा त्यात केव्हाच सांडला होता.

“बाबा, जर्सी द्या! मला बोलावलंय!”

बाबांनी दोन्ही हात वर केले आणि जर्सी ओढली. ती ढेरीवरून कशीबशी वर सरकली आणि डोक्याशी अडकली. आतून आवाज आला, “ओढा हो कुणीतरी! बघत काय बसलात? माझा मुलगा चाललाय आत!”

दोघातिघांनी मिळून ओढली. बाबा बनियनवर बाहेर आले, केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर. चारचौघांत बनियनवर आहोत याचं त्यांना काही नव्हतं. “जा,” ते म्हणाले. “जा ना, थांबलास काय!”

हातमोजे चढवत तो रेषेपाशी आला. चौथ्या पंचांनी बदलीची पाटी वर धरली. आता चेंडू एकदा बाहेर जायला हवा होता, की खेळ थांबेल आणि हा आत जाईल.

चेंडू बाहेर जाईना. तीन गोलांची आघाडी, मग काय, मंडळी मजेत होती. याने त्याला दिला, त्याने याला. प्रत्येक पासला प्रेक्षक टाळ्या पिटत होते.

“बाहेर मारा रे! अरे, बाहेर मारा!” तो ओरडला. त्या गलक्यात कोण ऐकतंय?

अखेर पहिल्या गोलकीपरचं लक्ष गेलं. त्याने हाका मारून चेंडू मागे मागवला आणि जीव खाऊन कडेला लाथाडला. चेंडू उंच गेला. सगळे वर बघत होते. तो अजून हवेतच होता, तेवढ्यात शेवटची लांब शिट्टी वाजली.

चेंडू आला तो नेमका याच्याच अंगावर. हाताच्या सवयीने त्याने तो झेलला, छातीशी धरला.

मैदानावर मिठ्या, उड्या, आरोळ्या. चुन्याची रेषा त्याच्या बुटांच्या पुढ्यात होती. एवढीच ओलांडायची होती त्याला, बाकी काही नको होतं. आता ती कोणीही ओलांडत होतं. फोटोवालेसुद्धा धावत आत गेले. तो तिथेच उभा राहिला.

वळून पाहिलं तर बाबा कठडा घट्ट धरून उभे. “माझ्यामुळे,” एवढंच त्यांच्या ओठांवर दिसलं. त्याने जोरजोरात मान हलवली. मग जॅकेट नेऊन त्यांच्या खांद्यावर घातलं.

ड्रेसिंग रूममध्ये गाणी चालली होती. काका टोपली घेऊन एकेकाची जर्सी गोळा करत त्याच्यापर्यंत आले. त्याने आपली काढून दिली. काकांनी सवयीने ती हातावर पसरली, घडीसाठी बाही दुमडली आणि थबकले. पाठ, काखा, गळा, सगळी चिंब होती.

“अरे,” काका म्हणाले, “ही धुवावी लागणार.”

“हो काका,” तो म्हणाला. “आज बाबा खेळले ना.”